बोल्डर सिटीच्या हिरवळीवर रानमेंढ्या पाहायला जाताना

लास व्हेगासला येणाऱ्या मराठी कुटुंबाचा बेत बहुधा ठरलेला असतो. एक-दोन रात्री रोषणाई, मग हूव्हर धरण, पुढे ग्रँड कॅन्यन. धरणाच्या वाटेवर, लास व्हेगासपासून साधारण ४० किलोमीटरवर बोल्डर सिटी नावाचं छोटं गाव आहे, पण आता नवा महामार्ग गावाबाहेरून जातो आणि गाड्या न थांबता पुढे निघून जातात. या गावात हेमेनवे पार्क ही सार्वजनिक बाग आहे. झोपाळे, घसरगुंडी, बास्केटबॉल आणि टेनिसची मैदानं, छपराखाली बाकं, आणि खाली दूरवर लेक मीडचं निळं पाणी. तिकीट नाही. उन्हाळ्यात या बागेच्या हिरवळीवर शेजारच्या रिव्हर माउंटन्स डोंगरातून उतरलेल्या रानमेंढ्यांचे कळप चरत असतात. एका टोकाला मुलं चेंडू खेळत असतात, दुसऱ्या टोकाला भरगच्च वळलेल्या शिंगांचा नर रवंथ करत बसलेला असतो, आणि दोघांमध्ये जाळी नाही, खंदक नाही, पहारेकरी नाही.

अंतर राखण्याची जबाबदारी त्यामुळे पूर्णपणे आपल्यावर येते. प्राणिसंग्रहालयात आपण कसंही वागलो तरी पिंजरा दोघांना सांभाळून घेतो. इथे आपलं वागणंच काय ते कुंपण. म्हणून जाण्याआधी थोडी माहिती हवी.

हे प्राणी म्हणजे वाळवंटी बिगहॉर्न, मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या. मेंढी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लोकरीचं, मान खाली घालून चालणारं जनावर येतं. हिच्या अंगावर लोकर नाही, हरणासारखे आखूड, फिकट तपकिरी केस आहेत. मागचा भाग पांढरा असतो, आणि डोंगरात उभी असेल तर बहुतेक वेळा तो पांढरा ठिपकाच आधी दिसतो. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन ६० ते ९० किलोपर्यंत भरतं आणि शिंगं गालाशी पूर्ण वळून येतात. मादीलाही शिंगं असतात, पण बारीक आणि कोयत्यासारखी किंचित वळलेली. लांबून पाहणाऱ्याला ती कोवळ्या नराची वाटू शकतात. हरणाची शिंगं दरवर्षी गळतात, हिची जन्मभर वाढत राहतात. शिंगावर अनेक वळ्या दिसतात, पण त्यातल्या ठळक, खोल खाचा वर्षागणिक पडतात. जवळ न जाता, दुर्बिणीतून त्या मोजून नराचं वय अंदाजे काढता येतं. मुलांना बरोबर न्याल तर त्यांना हे काम द्या. अर्धा तास ती जागची हलणार नाहीत. बिगहॉर्न हा इथल्या नेवाडा राज्याचा राज्यप्राणी आहे, १९७३ पासून.

वाळवंटातला प्राणी बागेत का येतो, याचं उत्तर पाण्यात आहे. इथे वर्षभरात जेमतेम १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या महाबळेश्वरात श्रावणातल्या एखाद्या दिवसात तेवढा पडून जातो. बिगहॉर्नचं शरीर या टंचाईसाठीच घडलेलं आहे. थंडीत, रानात ओला चारा असेल तेव्हा त्या आठवडेच्या आठवडे पाणवठ्यावर न जाता राहू शकतात. उन्हाळ्यात शरीरातलं पाणी खूप कमी झालं तरी तग धरतात, आणि पाणी मिळालं की एका दमात भरपूर पिऊन सावरतात. पण जून ते सप्टेंबर डोंगर करपून जातो आणि त्याच वेळी पायथ्याला ओली, कोवळी, रोज पाणी दिलेली हिरवळ असते. कोणतंही शहाणं जनावर तिथेच येईल.

ही हिरवळ तिथे असण्यामागे गावाचा इतिहास आहे. हूव्हर धरण बांधणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारनं १९३१ साली हे गाव उघड्या वाळवंटात वसवलं. धरणावर कामाचा जोर होता तेव्हा पाच हजारांहून अधिक माणसं राबत होती. सरकारला गाव नीटनेटकं, झाडाझुडपांचं आणि व्यसनांपासून लांब हवं होतं. जुगारावर तेव्हा घातलेली बंदी आजही आहे, आणि जुगारावर जगणाऱ्या नेवाडात अशी गावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीसुद्धा नाहीत. गावाचा कारभार १९६० पर्यंत केंद्राच्याच हातात होता. पुढे १९७९ मध्ये गावानं दरवर्षी नवी घरं किती बांधायची यावरच मर्यादा घातली. लोकसंख्या आजही १५,००० च्या आसपास आहे. लास व्हेगास चहूबाजूंनी पसरत गेलं, पण इथे डोंगर आणि बाग यांच्यामध्ये इमारतींची भिंत उभी राहिली नाही. मेंढ्यांची वाट मोकळी राहिली याचं बरंचसं श्रेय मी या निर्णयाला देतो.

आता जायचं केव्हा. इथे एक पेच आहे. मेंढ्या दिसण्याची शक्यता उन्हाळ्यात सर्वांत जास्त, आणि माणसानं या भागात फिरण्याची सर्वांत वाईट वेळही तीच. जानेवारी ते एप्रिल हे कोकरांचे दिवस. माद्या तेव्हा कोल्हेकुई करणाऱ्या कायोटींपासून आणि सोनगरुडांपासून पिल्लं वाचवण्यासाठी उभ्या कड्यांवर राहतात. शिवाय पावसानंतर डोंगरात चारा असतो, त्यामुळे बागेत त्या दिसतीलच असं नाही. मे संपता संपता येणं वाढतं. जुलै ते ऑक्टोबर हा माजाचा काळ. एरवी नर आणि माद्या वेगवेगळ्या टोळ्यांत राहतात, या दिवसांत एकत्र येतात आणि नरांच्या टकरी लागतात. आपल्याकडच्या एडक्यांच्या टकरी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या प्रकाराची कल्पना येईल. दोन नर मागे सरतात, मागच्या पायांवर उठतात आणि ताशी तीस किलोमीटरच्या वेगानं एकमेकांवर कोसळतात. आवाज डोंगरापर्यंत जातो. हे पाहायला मिळालं तर भाग्यच, पण टकरीच्या जवळपासही उभं राहू नका. झुंजणाऱ्या नराला आजूबाजूचं भान नसतं. हरलेला कुठल्या दिशेनं पळेल हे त्यालाही ठाऊक नसतं.

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला आलेले आई-वडील बहुधा याच उन्हाळ्यात व्हेगासला येतात, म्हणून उन्हाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. जुलैत इथे दुपारी ४० अंश सेल्सिअस ही नेहमीची गोष्ट. तिथले फलक फॅरनहाइटमध्ये असतात. १०० म्हणजे ३८ अंश आणि ११० म्हणजे ४३ अंश, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला आकडा ओळखीचा वाटेल. मुंबई-कोकणच्या माणसाला मात्र इथली हवा फसवते. घाम येतो, पण कोरड्या हवेत क्षणात उडून जातो. अंग चिकचिकत नाही, त्यामुळे पाणी जातंय हे कळतच नाही. डोकं दुखायला लागलं, चिडचिड झाली, लघवी गडद झाली की उशीर झालेला असतो. दिवसाला माणशी निदान चार लिटर पाणी गाडीत हवं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, सोबत मीठ जायला हवं. लिंबू-साखर-मिठाचं पाणी किंवा ओआरएसची पाकिटं भारतातूनच आणलीत तर उत्तम. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर अशा प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. ज्येष्ठांना किंवा लहान मुलांना ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून बंद गाडीत कधीही ठेवू नका. गाडीच्या आतलं तापमान पाच मिनिटांत फार वर जातं. घसरगुंडीवर मूल चढण्याआधी तिला आपला हात लावून बघा, आणि डांबरावर अनवाणी पाऊल ठेवू देऊ नका.

या सगळ्याचा मेळ घालायचा तर पहाट गाठायची. जूनमध्ये साडेपाचच्या आत सूर्य वर येतो. सहा-साडेसहाला बागेत पोचलात तर हवा सुसह्य असते, उजेड मऊ असतो, माणसं कमी असतात आणि कळप डोंगरातून उतरत असताना दिसू शकतो. माझ्या मते बागेत चरणाऱ्या मेंढ्यांपेक्षा डोंगर उतरणाऱ्या मेंढ्या पाहण्यात जास्त मजा आहे. जिथे आपल्याला पाऊल टेकवायला जागा दिसत नाही तिथून त्या सहज उतरतात. दुपारी त्या बहुधा झाडांच्या सावलीत बसून रवंथ करतात. तेव्हा नऊ-साडेनऊला निघून नाश्त्याला गावात जावं हे बरं. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारनंतर अचानक वादळी पाऊस येतो. कोरड्या ओढ्यातून, म्हणजे तिथल्या भाषेत ‘वॉश’मधून, बघता बघता लोंढा येतो. आकाश भरलं तर ओढ्यापासून लांब राहा, रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका.

रस्त्याची एक खूण महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये इंटरस्टेट ११ हा बाह्यवळण रस्ता खुला झाला. तुम्ही तो धरून सरळ गेलात तर गाव बाजूला राहून थेट धरणाजवळ पोचाल. त्यामुळे बोल्डर सिटीचा फाटा घेऊन गावातून जाणारा जुना महामार्ग धरायचा. गाव संपून उतार लागतो आणि समोर सरोवर दिसायला लागतं, तिथे डाव्या हाताला व्हिल ड्राइव्ह हा रस्ता आहे. त्याच रस्त्यावर बाग. या वळणानंतर गाडी अगदी हळू चालवा. मेंढ्या रस्ता ओलांडतात, आणि एक ओलांडली की मागून आणखी येणार असं धरूनच थांबायचं. स्वतःची किंवा भाड्याची गाडी नसेल आणि टॅक्सीनं जाणार असाल, तर परतीची सोय आधी ठरवून ठेवा.

बागेत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे काही न करणं. गाडीतून उतरलात की तिथेच उभे राहा, कळप कुठे आहे, किती आहेत, कोणत्या बाजूला तोंडं आहेत ते बघा. मग डोंगर कुठे आहे ते बघा, कारण या प्राण्याच्या सुरक्षिततेची सगळी कल्पना एका गोष्टीवर उभी आहे: धोका आला की उभ्या कड्यावर पळायचं. तिचे पाय सपाटीवर लांडग्याला किंवा कायोटीला हरवण्याइतके वेगवान नाहीत, कड्यावर मात्र तिला कुणी गाठू शकत नाही. म्हणून कळप आणि डोंगर यांच्यामध्ये कधीही उभं राहायचं नाही. तुम्ही कितीही शांत असलात तरी तुम्ही तिचा दरवाजा अडवलेला असतो. ती बिथरून रस्त्याच्या दिशेनं पळाली तर गाडीखाली येईल. आई आणि कोकरू यांच्यामध्ये जाऊ नका हेही याच्याच पोटात आलं. माझ्या दृष्टीनं या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच, आणि बहुतेक पर्यटक नेमकी हीच चूक करतात, कारण मागे डोंगर आला की फोटो चांगला दिसत नाही, सरोवर मागे हवं असतं.

किती अंतर ठेवायचं? अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत अशा प्राण्यांपासून २५ यार्ड, म्हणजे जवळजवळ २३ मीटर, लांब राहण्याचा दंडक आहे. ही बाग गावाची असली तरी तेच माप पाळावं. मोजायची एक सोपी युक्ती तिथले रक्षक सांगतात. हात सरळ पुढे करा, एक डोळा मिटा, अंगठा वर करा. अंगठ्याआड पूर्ण जनावर झाकलं जात असेल तर अंतर ठीक आहे. शिंगं किंवा शेपटाकडचा भाग अंगठ्याबाहेर डोकावत असेल तर मागे सरा. आणि अंतर तुम्ही ठेवलं, पण चरता चरता मेंढीच तुमच्याकडे सरकत आली, तर उठून शांतपणे बाजूला व्हायचं. ती जवळ आली म्हणजे तिला तुमची ओढ लागली असा अर्थ काढू नका. तिला तुमच्या पायाखालचं गवत हवं असतं.

अंतर कमी पडतंय हे मेंढी स्वतः सांगते. चरणं थांबवून मान वर करते आणि तुमच्याकडे एकटक बघते. एक बघायला लागली की बाकीच्याही बघतात. बसलेली उठून उभी राहते. पुढचा पाय आपटते, फुरफुरते. नर मान खाली घालून शिंगं तुमच्याकडे वळवतो. यातलं पहिलं चिन्ह दिसताच पाय मागे घ्यायचे. पाठ फिरवून पळायचं नाही, तोंड तिच्याकडे ठेवून सावकाश मागे जायचं. लहान मुलांचा हात अशा वेळी मोठ्यांच्या हातात असावा. गोड दिसणाऱ्या कोकराकडे मूल धावतंच, त्याला दोष देता येत नाही.

आता खायला घालण्याबद्दल. आपल्या घरांत मुंग्यांना साखर, गाईला घास, पाखरांना दाणे ही लहानपणापासूनची शिकवण आहे. समोरच्या मुक्या जीवाला काही न देता बसणं अनेक आजी-आजोबांना जड जातं. ही भावना मला मोलाची वाटते, आणि म्हणूनच इथे न देणं हीच तिच्याशी इमान राखणारी गोष्ट आहे हे कारणांसह सांगतो. बिगहॉर्नचं पोट गाईसारखं चार कप्प्यांचं असतं. चारा पचवतात ते त्या पोटातले सूक्ष्मजीव, आणि ते रोजच्या काडीकचऱ्याला सरावलेले असतात. त्यात अचानक पाव, बिस्किटं, चिवडा, केळी पडली की आम्ल वाढतं, पोट फुगतं. गाईनं किंवा शेळीनं जास्त धान्य खाल्लं तर काय होतं हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगावं लागत नाही. फरक एवढाच की इथे रात्री जाऊन औषध पाजायला कुणी नाही. ती डोंगरात जाऊन मरते आणि आपल्याला कळतही नाही.

दुसरं कारण स्वभावाचं. महाबळेश्वर, माथेरान, वणीच्या गडावरची माकडं हातातली पिशवी का ओढतात? कधीतरी कुणीतरी प्रेमानं शेंगदाणे दिले म्हणून. तीन फूट उंचीचा, डोक्यावर काही किलोंची शिंगं मिरवणारा नर पिशवी ओढायला शिकला तर ते माकडाइतकं हसण्यावारी नेण्यासारखं राहणार नाही. असा प्राणी माणसाला धोकादायक ठरला की किंमत प्राण्यालाच मोजावी लागते. नेवाडात अशा मोठ्या वन्य प्राण्यांना परवानगीशिवाय मुद्दाम खायला घालणं हा कायद्यानं गुन्हा आहे.

तिसरं कारण रोगाचं, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. गेल्या दीड शतकात रानमेंढ्यांची संख्या ढासळली त्यामागे शिकार आणि पाणवठे गमावणं होतंच, पण पाळीव मेंढ्या-शेळ्यांकडून आलेल्या फुफ्फुसाच्या रोगानं कळपच्या कळप मारले. पाळीव मेंढ्या तो जंतू अंगात बाळगून धडधाकट फिरतात, रानमेंढ्यांना मात्र न्यूमोनिया होतो आणि पुढे काही वर्षं कोकरंही जगत नाहीत. रिव्हर माउंटन्सचा हा कळप एके काळी इतका सुदृढ होता की इथल्या मेंढ्या पकडून, जिथे त्या संपल्या होत्या अशा डोंगरांत नेऊन सोडल्या जात. पुढे याही कळपात तो जंतू आढळला. नाकाला नाक लागेल एवढ्या त्या जवळ आल्या की रोग पसरतो. खाऊ टाकलेल्या एका जागेवर दहा मेंढ्या झोंबल्या की आपण नेमकं तेच घडवतो. म्हणून डबा छपराखालच्या बाकावरच उघडा, तोही मेंढ्या लांब असतील तेव्हा. खाऊन झालं की मिठाचा वास लागलेला प्रत्येक कागद, प्लॅस्टिकची पिशवी, शेंगांची टरफलं उचला. मिठाच्या ओढीनं जनावर पिशवीही गिळतं.

पाळीव कुत्रा असेल तर त्याला या बागेत नेऊ नका. साखळीला बांधलेला, गुणी असला तरी मेंढीच्या लेखी तो कायोटीचाच भाऊ. ड्रोन उडवू नका. शेजारच्या लेक मीड राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रात तर त्याला बंदीच आहे. फोटोसाठी बाकावर किंवा जमिनीवर बसा, फ्लॅश बंद ठेवा, पाठीवर सूर्य घ्या आणि फोनची झूम वापरा. बसलेल्या माणसाकडे त्या फारसं लक्ष देत नाहीत. जमिनीवर बसण्याआधी मात्र लेंड्या बघून घ्या. एक साधी दुर्बीण बरोबर असली तर फोटोपेक्षा जास्त काही घरी न्याल.

मेंढ्या आल्याच नाहीत तर? असं होतं. पाऊस बरा झाला असेल किंवा थंडी असेल तर बाग रिकामी असू शकते. मग लेक मीडच्या अभ्यागत केंद्राजवळून निघणारी जुन्या रेल्वेची पायवाट धरा. धरणाचं सामान नेण्यासाठी खोदलेले पाच बोगदे त्या वाटेवर आहेत, चढ जवळजवळ नाही, आणि कड्यांवर नजर ठेवली तर बिगहॉर्न दिसण्याची शक्यता तिथेही असते. उन्हाळ्यात मात्र ही वाट टाळा, सावली फक्त बोगद्यांत आहे. तिथून धरण जवळच. २२१ मीटर उंचीची ती भिंत आपल्या कोयनेच्या दुपटीहून उंच आहे. धरणासमोरच्या उंच पुलाच्या पादचारी मार्गावर उभं राहून ती बघावी, आणि सरोवराच्या काठच्या खडकांवरचा पांढरा पट्टाही बघावा. पाणी किती खाली गेलंय ते त्यावरून कळतं. बागेची हिरवळ याच पाण्यावर जगते. नेवाडानं २०२१ मध्ये कायदा करून केवळ शोभेच्या हिरवळींना कोलोरॅडो नदीचं हेच पाणी २०२७ पासून बंद करायचं ठरवलं, त्यात माणसांच्या वापरातल्या बागा वगळल्या.

शेवटी, बागेत एखादी मेंढी सतत खोकताना, नाक गळताना किंवा लंगडताना दिसली, तर जवळ जाऊन मदत करायला बघू नका. जागा, वेळ आणि जनावराचं वर्णन टिपून घ्या, लांबून एक फोटो काढा आणि नेवाडाच्या वन्यजीव विभागाला कळवा. दुसरं कुणी मेंढ्यांच्या मागे धावत असेल, त्यांना घेरत असेल किंवा खायला घालत असेल, तर आधी हात जोडून, समजावून सांगा. बहुतेक लोक माहिती नसल्यामुळेच तसं वागतात आणि ऐकतात. ऐकलं नाही तर वाद न घालता त्याच विभागाला किंवा गावच्या पोलिसांना फोन करा. या दोघांचे क्रमांक हॉटेलातून निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवा.